खेळण्यास हरकत नाही

आमच्या घरात अमेरिकन फुटबॉल कुणालाच कळत नाही, तरी हार्वर्ड विद्यापीठाच्या १९०५ सालच्या संघाची हकिगत सगळ्यांना पाठ आहे. ती काकांनी आणली. काका मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, १९७२ साली अमेरिकेला गेले, फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयात रात्रंदिवस राबले आणि मग पेनसिल्वेनियाच्या कोळसा पट्ट्यात, एका लहान गावात दवाखाना थाटून बसले. १९६५ च्या नव्या कायद्याने आशियातल्या शिकलेल्या माणसांना अमेरिकेचं दार उघडलं होतं. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांच्या जागा भरायला तिथली मुलं पुरत नव्हती आणि लहान गावांत जायला तिथले डॉक्टर राजी नव्हते. म्हणून आपल्याकडची किती तरी डॉक्टर मंडळी अशा खाणींच्या आणि गिरण्यांच्या गावांत जाऊन पडली.

काकांच्या गावात एक लहानसं कॉलेज होतं. कॉलेजच्या फुटबॉल संघाला मैदानावर डॉक्टर लागायचा. पैसे मिळत नसत, मान मिळे. गावातले म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो मान काकांकडे सोपवला आणि आपल्या गोष्टीही त्यांच्या ओंजळीत टाकल्या. काका सुट्टीत सांगलीला आले की रात्री जेवणं झाल्यावर गच्चीत चटया पडत आणि त्या गोष्टी सुरू होत. पुढे मी लिहिण्याच्या धंद्यात आले तेव्हा त्यांतल्या ज्या छापील कागदांशी ताडून पाहता येत होत्या, त्या पाहिल्या. म्हाताऱ्या डॉक्टरांची स्मरणशक्ती पक्की होती.

हार्वर्डची गोष्ट अशी. १९०५ च्या हंगामात एडवर्ड निकोल्स आणि होमर स्मिथ या दोन डॉक्टरांनी संघाच्या सोबत राहून प्रत्येक दुखापतीची नोंद ठेवली. पुढच्या जानेवारीत बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. एका हंगामात, एका संघात १४५ दुखापती. त्याहून मोठी बाब म्हणजे मेंदूला हादरा बसणं, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. दोन सामने सोडले तर दर सामन्यात कुणा ना कुणाला तो बसलाच होता. डोक्याला मार लागलेला मुलगा आपण कुठे आहोत हे ठाऊक नसताना खेळत राहतो आणि शेजारच्या खेळाडूलाही त्याचा पत्ता लागत नाही, हे या दोघांनी लिहून ठेवलं. मुलं स्वतः त्या माराला किरकोळ समजून हसण्यावारी नेतात, हेही लिहिलं. म्हणजे आज ज्यावर खटले चालतात, परिषदा भरतात, ते सगळं तेव्हाच कागदावर होतं.

त्याच शरद ऋतूत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या माणसांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळातली मारामारी आवरा म्हणून बजावलं. वर्तमानपत्रांनी त्या वर्षी मैदानावरचे १८ मृत्यू मोजले होते, त्यांत पुष्कळशी शाळकरी पोरं होती. १९०६ मध्ये कॉलेजांची संघटना उभी राहिली, १९१० पासून तिला एनसीएए हे नाव पडलं. चेंडू पुढे फेकायची परवानगी मिळाली, माणसांचे ढीग रचणारे डाव बंद झाले. खेळाचे नियम बदलले. पण जखमी मुलाला मैदानात सोडायचं की नाही याबाबत शेवटचा शब्द डॉक्टरचा, हा नियम व्हायला त्यानंतर एकशे दहा वर्षं लागली. मला सांगायचं आहे ते या एकशे दहा वर्षांबद्दल.

म्हातारे डॉक्टर स्वतः १९३० च्या दशकात कॉलेजकडून खेळले होते. तेव्हा शिरस्त्राण कातड्याचं असे, आणि तेही ज्याच्या त्याच्या मर्जीवर. कॉलेजच्या खेळाडूंना ते सक्तीचं झालं १९३९ मध्ये. कुणी चक्कर येऊन पडला की नाकाखाली अमोनियाची कुपी फोडायची, डोळ्यांसमोर बोटं धरून किती ते विचारायचं, आणि उत्तर बरोबर आलं की पाठीवर थाप मारून परत पाठवायचं. उत्तर चुकलं तर शेजारचा मित्र हळूच सांगे. हे सांगताना ते हसत नसत, असं काका म्हणतात. त्यांच्या टेबलाच्या खणात १९५२ सालचं एक कात्रण होतं. हार्वर्डचे शल्यचिकित्सक ऑगस्टस थॉर्नडाइक यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लिहिलं होतं की तीनदा कन्कशन झालेल्या मुलाने अंगाला अंग भिडणारा खेळ कायमचा सोडावा. म्हातारे डॉक्टर ते कात्रण कोचला दाखवत. कोच ते वाचे, मान डोलावी आणि शनिवारी पुन्हा तोच प्रश्न विचारी.

म्हणून त्यांनी आपला एक उपाय शोधला होता आणि काकांना कामाच्या पहिल्याच दिवशी सांगितला. ज्याला बाहेर बसवायचं ठरलं, त्याचं हेल्मेट काढून घ्यायचं आणि स्वतःच्या काखेत धरून उभं राहायचं. कोचशी वाद घालायचा नाही, मुलाला समजावत बसायचं नाही. हेल्मेटशिवाय त्याला कुणी आत पाठवू शकत नाही. आजही अमेरिकेतले ट्रेनर हेच करतात. ट्रेनर म्हणजे खेळाडूंच्या दुखापती रोज बघणारा, पट्ट्या बांधणारा, शिकून परवाना मिळवलेला माणूस. डॉक्टर शनिवारी उगवतो, ट्रेनर सातही दिवस मुलांत असतो. त्यामुळे दबावाचा पहिला घाव त्याच्यावर पडतो.

गच्चीतल्या या बैठकीत आजोबाही असत. ते सांगलीच्या तालमीत घडलेले. कृष्णाकाठच्या आखाड्यांत खांदा निखळला तर वस्तादच तो ओढून बसवी, हळदीचा लेप लावी आणि पोरगा पुन्हा कधी लांग चढवणार तेही तोच ठरवी. सगळं ऐकून घेतल्यावर आजोबा एकदा म्हणाले, “हाड बसवणारा आणि पैलवानाला जोडीत सोडणारा माणूस एकच असला की पोराचं कुणी उरत नाही.” काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अण्णा, तिकडे माणसं दोन असतात. पण पगार एकाच्याच हातात असतो.”

काकांच्या बाबतीत तर पगारही नव्हता. त्यांचं कॉलेज एनसीएएच्या तिसऱ्या गटातलं. या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. सामने टीव्हीवर नाहीत, कोचला लाखो डॉलर नाहीत, पोरं पुढे व्यावसायिक संघात जाण्याची शक्यता नाही. तरी दबाव होता, आणि तो कुठून येत होता हे मला काकूंनी सांगितलं. काका गोष्टी सांगत, पण त्या गोष्टींतलं गाव काकूंनी पाहिलं होतं.

काकू कोल्हापूरच्या. गावात त्या आल्या तेव्हा साडीवर जाड कोट घालून दुकानात जात आणि लोक सभ्यपणे बाजूला होत. कुणी वाईट वागलं नाही, पण कुणी बोलतही नसे. काकांचं नाव उच्चारता येत नाही म्हणून दवाखान्यातले रुग्ण नाव घ्यायचंच टाळत. मग काका शनिवारी मैदानाच्या कडेला उभे राहू लागले. एका मुलाचं निखळलेलं बोट त्यांनी सगळ्यांसमोर क्षणात बसवलं. त्या दिवसापासून ते गावाचे ‘डॉक’ झाले. खाटीक हात वर करून हाक मारू लागला, बँकेतला माणूस उठून उभा राहू लागला, शेजारीण ॲपल पाय घेऊन आली आणि काकूंच्या हातची पुरणपोळी घेऊन गेली. “आम्हाला त्या गावात घर मिळालं ते त्या मैदानामुळे,” काकू म्हणाल्या. “आता सांग, ज्यांनी घरात घेतलं त्यांना नाही कसं म्हणायचं?”

परक्या देशात आपलं म्हणणाऱ्या माणसांचे उपकार, हाही दबावच. त्याला कुठल्या नियमावलीत कलम नाही. कोच ओरडतो, धमकावतो, असं आपण सिनेमात पाहतो. काकांचा कोच कधी ओरडला नाही. तो खांद्यावर हात ठेवून म्हणे, “डॉक, तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं? तुम्ही म्हणाल तसं.” आणि तिथेच उभा राही.

वर्षातला मोठा सामना जवळ आला होता. जुने विद्यार्थी दूरदूरहून गावात येतात तो. शेवटच्या वर्षाच्या एका मुलाला सरावात मान वाकून झटका बसला आणि खांद्यापासून बोटांपर्यंत हात जळल्यासारखा झाला. असा झटका एकदा आला आणि मिनिटभरात गेला तर डॉक्टर फार घाबरत नाहीत. पण या मुलाला तो पुन्हा आला होता आणि पकड ढिली पडली होती. मानेतल्या मणक्यांशी खेळ नको म्हणून काकांनी त्याला बसवलं. त्या संध्याकाळी मुलगा बापाला घेऊन घरी आला. बाप खाणीत उमेद घालवून बसलेला, टोपी हातात धरून सोफ्याच्या कडेवर टेकलेला. त्याने आवाज चढवला नाही. पोरगं सहाव्या वर्षापासून खेळतंय, शनिवारनंतर आयुष्यात पुन्हा हेल्मेट घालणार नाही, आपल्या घरातला कॉलेजात गेलेला हा पहिलाच, आणि त्याची आजी ओहायोहून बसने येतेय, एवढंच तो म्हणाला. मुलगा रडत होता. काकूंनी चहा ठेवला, तो कुणी घेतला नाही.

काका नाही म्हणाले. संघ हरला. सोमवारी काकू दुकानात गेल्या तर लोक पुन्हा सभ्यपणे बाजूला झाले. ते वसंतापर्यंत चाललं.

दुसऱ्या एका वर्षी दुसऱ्या एका मुलाचा गुडघा सुजला होता. एमआरआय तेव्हा त्या भागात नव्हता. गुडघा हातांनी तपासून, पाणी काढून, लिगामेंट कितपत धरून आहे याचा अंदाज बांधावा लागे. काकांना शंका होती. मुलगा गयावया करत होता, कोच नेहमीप्रमाणे बाजूला उभा होता. काकांनी बधिरता आणणारं इंजेक्शन दिलं आणि कागदावर सही केली. मुलगा खेळला, संघ जिंकला, आणि त्या गुडघ्यात पुढे सांधण्यासारखं काही उरलं नाही. तिशीत तो काठी घेऊन चालू लागला. वेदना ही शरीराने दिलेली ताकीद असते. इंजेक्शनने ताकीद बंद होते, फाटलेलं तसंच फाटत राहतं. काकांना हे मिरजेच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. ही गोष्ट ते गच्चीत कधी सांगत नसत. मला ती काकूंकडून कळली, आणि त्याबरोबर आणखी एक: नाही म्हटलेला मुलगा गाव सोडून गेला, त्याने पुन्हा कधी ओळख दाखवली नाही. हो म्हटलेला दर नाताळला कार्ड पाठवतो. त्यात काकांसाठी प्रेमाने चार ओळी असतात.

डॉक्टरला त्याच्या चुकीची शिक्षा समोरून मिळत नाही आणि योग्य निर्णयाची मिळते. हे मला या सगळ्या विषयाचं मूळ वाटतं. धाडसी डॉक्टर शोधून हा प्रश्न सुटणारा नाही, कारण माझे काका भित्रे नव्हते.

मोठ्या विद्यापीठांत या सगळ्यावर पैशाचा थर चढतो. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन नावाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेने कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली: कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, म्हणून खेळाडू त्याचा नोकर नाही. नोकर नाही, तर जखमी झाल्यावर त्याची जबाबदारी कुणाची, हे मात्र मोकळं राहिलं. पुढे १९७३ मध्ये एनसीएएने चार वर्षांची शिष्यवृत्ती बंद करून ती एकेक वर्षाची केली, दर वर्षी नव्याने मिळवायची. मग दुखापत झालेला मुलगा डॉक्टरपाशी खरं कसं सांगेल? यंदा बाकावर बसला तर पुढच्या वर्षी फी कोण भरणार? अनेक वर्षं हे असंच चाललं. एकाहून जास्त वर्षांची शिष्यवृत्ती द्यायची मुभा पुन्हा मिळाली ती २०१२ मध्ये.

काका ज्या एका खेळाडूचं नाव आजही हळू आवाजात घेतात तो हँक गॅदर्स. लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू. १९८८-८९ च्या हंगामात देशात सर्वाधिक गुणही त्याचे आणि सर्वाधिक रिबाउंडही त्याचेच. फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीतून आलेला. काका त्याच शहरात राबलेले, म्हणून त्यांना तो आपला वाटे. ९ डिसेंबर १९८९ रोजी फ्री थ्रो टाकायला उभा असताना तो कोसळला. तपासणीत हृदयाचे ठोके अनियमित निघाले. इंडेराल नावाचं औषध सुरू झालं आणि काही आठवड्यांत तो पुन्हा खेळू लागला. हे औषध ठोक्यांचा वेग आवरतं, त्याबरोबर अंगातली चपळाईही आवरतं. आपण जड झालोय, पहिल्यासारखं खेळता येत नाही, ही त्याची तक्रार होती. समोर व्यावसायिक संघांची निवड होती, त्यावर आईचं आणि भावंडांचं सगळं भवितव्य टांगलेलं. औषधाची मात्रा हळूहळू कमी होत गेली. ४ मार्च १९९० रोजी, विभागीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, चेंडू जाळीत घालून तो मागे वळला, दोन-चार पावलं आला आणि पडला. तो २३ वर्षांचा होता.

घरच्यांनी विद्यापीठावर आणि डॉक्टरांवर दावे लावले, ते तडजोडीने मिटले. मात्रा कमी करताना कुणी कुणाला काय म्हटलं यावर वकिलांनी पुष्कळ कागद लिहिले. काकांना त्या कागदांत रस नव्हता. ते म्हणायचे, “अगं, त्या डॉक्टरच्या जागी मी स्वतःला उभं करून बघतो. समोर देशातला सगळ्यात गुणी मुलगा बसलाय आणि तो म्हणतोय, थोडं कमी करा. थोडंच. प्रत्येक वेळी थोडंच.” दबाव बहुतेकदा असाच येतो, एका मोठ्या मागणीच्या रूपात येत नाही. मिलिग्रॅम मिलिग्रॅमने येतो.

काही डॉक्टर ठाम राहिले आणि त्यांच्यावर खटले झाले. निकोलस नॅप हा इलिनॉय राज्यातला शाळकरी बास्केटबॉलपटू. १९९४ मध्ये खेळताना त्याचं हृदय बंद पडलं, धक्के देऊन ते सुरू केलं, पोटात तसेच धक्के देणारा डिफिब्रिलेटर बसवला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने त्याची शिष्यवृत्ती कायम ठेवली, पण संघाच्या डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली नाही. मुलाच्या बाजूने उभे राहणारे हृदयरोगतज्ज्ञही मिळाले. अपंगांशी भेदभाव न करण्याच्या कायद्याखाली त्याने दावा लावला, खालच्या न्यायालयात तो जिंकला. नोव्हेंबर १९९६ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला: धोका खरा आहे आणि डॉक्टरांनी विचारपूर्वक, पुराव्यावर निर्णय घेतला आहे, तर न्यायालयाने त्यांच्या जागी बसून निर्णय देऊ नये. तो मुलगा पुढे नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठात गेला आणि तिथे त्याला खेळू दिलं. एकच हृदय, दोन विद्यापीठं, दोन उत्तरं. दोन्हीकडचे डॉक्टर आपापल्या जागी प्रामाणिक असतील. तरी ज्याला खेळायचंच आहे त्याला हो म्हणणारा डॉक्टर कुठे ना कुठे सापडतो, हे त्यातून दिसलं, आणि नाही म्हणणाऱ्यावर त्याचंही ओझं असतं.

पण सगळी हकिगत मुलाच्या हट्टाची नाही, आणि ती तशी सांगणं म्हणजे मोठ्यांना मोकळं सोडणं होईल. २७ सप्टेंबर २०१४ रोजी मिशिगन विद्यापीठाच्या भरगच्च स्टेडियममध्ये शेन मॉरिस या खेळाडूला जबर धडक बसली. तो उभा राहिला, झोकांड्या खाऊन सोबत्याच्या अंगावर रेलला. टीव्हीवर देशाने पाहिलं. तरी तो आणखी एक डाव खेळला, बाहेर आला आणि थोड्या वेळाने पुन्हा आत पाठवला गेला. कन्कशन झाल्याचं विद्यापीठाने नंतर मान्य केलं. डॉक्टरांनी आणि ट्रेनरनी तो झटका पाहिलाच नव्हता, असा खुलासा आला. पुढच्या हंगामात मिशिगन ज्या विभागात खेळतं त्याच्या सामन्यांना उंच कक्षात बसून फक्त डोक्याच्या दुखापतींवर नजर ठेवणारा निरीक्षक नेमला गेला. ऑगस्ट २०१५ मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, इलिनॉय विद्यापीठाने आपले मुख्य कोच टिम बेकमन यांना काढलं. दुखापती लपवायला ते मुलांवर दबाव आणतात आणि वैद्यकीय निर्णयांत ढवळाढवळ करतात, असं विद्यापीठाच्या चौकशीत निघालं होतं. त्याला वाचा फोडली होती एका माजी खेळाडूने.

जानेवारी २०१६ मध्ये एनसीएएच्या पाच सर्वांत बलाढ्य विभागांनी नियम केला की उपचार आणि पुनरागमन यांचा निर्णय डॉक्टरांचा आणि ट्रेनरचा, कोचला त्याला आव्हान देता येणार नाही. इतर गटांतही हे तत्त्व मग आलं. काकांनी ती बातमी कापून म्हाताऱ्या डॉक्टरांच्या कात्रणाशेजारी ठेवली. तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, ट्रेनरांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या सभासदांना विचारलं. एक तृतीयांशाहून जास्त जणांनी सांगितलं की आम्हाला नेमण्यात किंवा काढण्यात आजही कोचचा हात असतो. वैद्यकीय कारणाने बसवलेल्या मुलाला कोचने खेळवलं, असं दर पाचांपैकी जवळपास एकाने सांगितलं. नियम कागदावर आला होता, नोकरीची दोरी मात्र पूर्वीच्याच खुंटीला होती.

आणि मग काकांच्या स्वतःच्या राज्यातली गोष्ट. स्कॉट लिंच हे हाडांचे डॉक्टर पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे वैद्य होते. २०१९ मध्ये त्यांना त्या कामावरून दूर केलं गेलं. ते हर्शीत राहतात, संघ दूर स्टेट कॉलेज नावाच्या गावी आहे, तिथला स्थानिक डॉक्टर हवा, असं अधिकृत कारण होतं. कोच वैद्यकीय निर्णयांत हात घालतात ही तक्रार आपण वर केली म्हणून आपल्याला हटवलं, असं म्हणून लिंच न्यायालयात गेले. विद्यापीठाचा खेळ विभाग आणि कोच यांची नावं मुदतीच्या मुद्द्यावर आधीच दाव्यातून वगळली गेली. कोचवरचे आरोप म्हणून त्या खटल्यात सिद्ध झाले असं म्हणता येत नाही. पण लिंच यांना काढल्याबद्दल मे २०२४ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि एकूण साडेबावन्न लाख डॉलरची रक्कम ठरवली, त्यातले पन्नास लाख दंडादाखल. काकांनी त्या रात्री मला फोन केला. आवाज भरून आला होता. नाही म्हणणाऱ्या डॉक्टरच्या मागे बारा अनोळखी माणसं उभी राहिली, हे त्यांनी पन्नास वर्षांत पहिल्यांदा पाहिलं होतं.

काकांची मुलगी, माझी चुलत बहीण, आता खेळाडूंची डॉक्टर आहे. मोठ्या विद्यापीठात, मोठ्या संघासोबत. नेमणूक स्वीकारण्याआधी काकांनी तिला एकच विचारलं होतं, तुझ्या कागदावर सही कुणाची? तिची नेमणूक विद्यापीठाच्या आरोग्य विभागाकडून आहे, पगार तिथूनच निघतो, तिचं मूल्यमापन डॉक्टरच करतात आणि क्रीडा संचालकाला त्यात जागा नाही. हे तिने करारात लिहून घेतलं, दोन महिने त्यासाठी भांडली. पण तिच्यासमोरचा मुलगा वडिलांच्या काळातला राहिलेला नाही. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षी एकेका विद्यापीठाला दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. कित्येक वर्षं फुकट राबलेल्या मुलांना हक्काचं मिळतंय, याचा तिला आनंद आहे आणि मलाही. पण आता बाकावर बसवलेल्या प्रत्येक शनिवारची एक किंमत निघते आणि ती मुलाला पाठ असते. एकोणीस वर्षांच्या पोराचा करार पुढच्या वसंतात संपणार असतो आणि तिची सही त्याच्या आड येते.

काका आता ऐंशीच्या घरात आहेत. हंगामात दर रविवारी ते तिला फोन करतात. मागच्या शरदात मी त्यांच्याकडे होते तेव्हा फोन स्पीकरवर होता.

“काल कुणाला बसवलंस?”

“एकाला, बाबा. घोटा. वरच्या बाजूचं लिगामेंट गेलंय. सहा आठवडे तरी.”

“मुलगा काय म्हणाला?”

“तो काही नाही म्हणाला. त्याच्या एजंटने दुसऱ्या डॉक्टरचं पत्र पाठवलं. खेळण्यास हरकत नाही म्हणून.”

“मग?”

“पत्र फाइलला लावलं. बुधवारी ऑपरेशनसाठी नाव घातलंय, त्याची आई येतेय.”

काकू आतून म्हणाल्या, “तिची राहायची सोय केलीस का गं कुठे?” तिने नव्हती केली. मग पुढचा सगळा वेळ त्या दोघी हॉस्पिटलजवळ स्वस्त खोली कुठे मिळेल यावर बोलत राहिल्या.